कोठडीतला देव आणि ‘नको’ म्हणायची मुभा

‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ ही म्हण तुरुंगातल्या माणसासाठीच घडवली असावी, असे कधीकधी वाटते. आरोपी कपाळाला टिळा लावून कोर्टात आला, गळ्यात रोझरी घालून आला किंवा दाढी वाढवून, टोपी घालून आला, की मागच्या बाकावरचे लोक एकमेकांना कोपरखळी मारतात. जामिनासाठी चाललेय सगळे, दुसरे काय! त्याने जन्माचा धर्म सोडून भलताच धरला, तर मात्र कोणी हसत नाही. मग चर्चा सुरू होते ती कोणी आमिष दाखवले आणि कोणी दम दिला याची.

या दोन्ही शंका अगदीच हवेतल्या नाहीत. पण त्यांत आपण विचारतो तो प्रश्न एकच असतो: याचा भाव खरा की खोटा? हे तपासायचे साधन न्यायाधीशाकडे नाही, जेलरकडे नाही आणि खरे सांगायचे तर पात्रीकडे, भटाकडे किंवा मौलवीकडेही नाही. तपासता येईल असा प्रश्न निराळा आहे. त्या कैद्याला ‘मला नको’ म्हणता येत होते का, आणि तसे म्हटल्यावर त्याचे काही नुकसान झाले असते का? कैद्यांची श्रद्धा आणि धर्मांतर या विषयातला कायदा, संशोधन आणि आपल्या गोव्याचा इतिहास, तिन्ही फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात.

रजिस्टरातला एक रकाना

गोव्यातला मुख्य तुरुंग म्हणजे बार्देशातल्या कोलवाळचे मध्यवर्ती कारागृह. आग्वादचा तुरुंग २०१५ साली बंद झाला तेव्हा कैदी इकडे आले. गोवा मुक्ती चळवळीतल्या डॉ. लोहिया आणि त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली जिथे डांबले होते, त्या आग्वादच्या कोठड्या आता पर्यटक बघून जातात.

तुरुंगात दोन प्रकारचे लोक असतात. शिक्षा झालेला तो पक्का कैदी, आणि खटला अजून चालू आहे तो कच्चा, सरकारी भाषेत न्यायबंदी. देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. गोव्यात यात अमली पदार्थांच्या खटल्यांची भर पडते. त्या कायद्यात जामीन मिळणे महाकठीण, त्यामुळे कच्चा कैदी बराच काळ आत राहतो. शिवाय अशा खटल्यांत परदेशी माणसेही सापडतात. ती आपापला देव बरोबर घेऊन येतात, पण त्यांना भेटायला बाहेर कोणी नसते.

आत शिरताना रजिस्टरात नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि धर्म लिहिला जातो. हा धर्माचा रकाना पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आकडा होऊन बसतो. गोव्याच्या माणसाला तो रकाना जरा तोकडाच पडतो. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावच्या देवळातली लईराई या बहिणी, असे मानणारी आपली माणसे. मुलगा आत असलेली आई सकाळी देवळात कौल लावते, उजवी पाकळी पडली म्हणून तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, आणि तीच आई त्याच दिवशी मिलाग्रीसला मेणबत्तीही लावते. तिला विचारा, धर्म बदललास का? ती तुम्हालाच वेड्यात काढील.

तुरुंगातले बरेचसे ‘धार्मिक परिवर्तन’ याच जातीचे असते. आधी चवथीला आरतीपुरता उभा राहणारा माणूस रोज स्तोत्र म्हणू लागतो. नाताळापुरता मिसला जाणारा दर रविवारी पात्रीची वाट बघतो. ज्या घरात कोणी नेमाने नमाज पढत नाही, अशा घरातला मुलगा आत गेल्यावर पाच वेळा वजू करतो. रकाना तोच राहतो, फक्त आतली धग वाढते. एका धर्मातून दुसऱ्यात जाणारे त्या मानाने थोडे, पण गाजावाजा त्यांचाच होतो.

आत गेल्यावर देव का आठवतो

तुरुंगात माणसाची पहिली गोष्ट जाते ती वेळ. उठायचे कधी, जेवायचे कधी, अंघोळीला पाणी कधी, हे दुसरा ठरवतो. गिनती होते, संध्याकाळी लवकरच जेवण वाढून बॅरक बंद होते आणि मग सकाळपर्यंत तीच माणसे, तोच दिवा, तोच पंख्याचा आवाज. अशा ठिकाणी पाच वेळची नमाज, संध्याकाळचे तेर्स म्हणजे रोझरीची प्रार्थना, किंवा एकशे आठ मण्यांचा जप हे स्वतःचे घड्याळ असते. ते जेलरने दिलेले नसते. बाहेरून क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट आत फार मोठी असते.

शॅड मरुना या गुन्हेशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह ब्रिटनमधल्या तुरुंगांत धर्माकडे वळलेल्या ७५ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि २००६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अटक आणि शिक्षा यांनी माणसाची स्वतःबद्दलची गोष्टच मोडते. कालपर्यंत मी कोणाचा तरी बाप, गवंडी, ड्रायव्हर होतो. आज फक्त खुनी किंवा चोर. धर्म त्या माणसाला नवी ओळख देतो. इथे येण्यामागे काही हेतू होता, असे म्हणायची सोय करतो. हातात काहीच सत्ता नसलेल्या माणसाला देवाच्या कामातला भागीदार करतो. क्षमा मागायला शब्द देतो. आणि उद्या काय होणार हे ठाऊक नसताना तो उद्या कोणाच्या तरी हाती आहे, असा धीर देतो.

मला यातला क्षमेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोर्टात गुन्हा कबूल करणे म्हणजे खटला हरणे, म्हणून वकील पहिल्या दिवसापासून सांगतो, तोंड उघडू नकोस. मग ‘माझ्या हातून झाले’ हे वाक्य माणूस बोलणार कुठे? पात्रीच्या कानात, देवापुढे किंवा सजद्यात. कुमसाराची, म्हणजे पापांच्या कबुलीची, गुप्तता पात्रीला मोडता येत नाही, हे गोव्यातल्या हिंदूंनाही माहीत असते.

कच्च्या आणि पक्क्या कैद्याच्या भक्तीतही फरक असतो. कच्चा कैदी तारखेकडे डोळे लावून असतो, म्हणून त्याची भक्ती नवसाची: पुढच्या पेशीला जामीन होऊ दे, नारळ फोडीन. जन्मठेपवाल्याला मागण्यासारखे जवळचे काही नसते, म्हणून त्याचा प्रश्न ‘कधी सुटणार’पेक्षा ‘आता जगायचे कसे’ असा होतो. धर्मांतराची खोल उदाहरणे लांब शिक्षा भोगणाऱ्यांत जास्त आढळावीत, हे साहजिक आहे.

आपल्या मराठी मनाला ही गोष्ट अनोळखीही नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहीत बसले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिकडे अमेरिकेत माल्कम एक्सला इस्लामची ओळख झाली तीही मॅसॅच्युसेट्समधल्या तुरुंगात. राजकीय कैद्याच्या अध्यात्माला आपण नमस्कार करतो आणि पाकीटमाराच्या अध्यात्माला हसतो, एवढाच काय तो भेद.

व्हडल्या घराची आठवण

गोव्यात या विषयाला आणखी एक किनार आहे. इथे एके काळी तुरुंग हेच धर्माचे हत्यार होते. १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे सोडली तर, १८१२ पर्यंत चालले. जुन्या गोव्यात आदिलशाही काळच्या राजवाड्यात त्याचे ठाणे होते. लोक त्याला व्हडले घर, म्हणजे मोठे घर, म्हणत. तिथे पकडून नेलेल्यांत मोठा भरणा होता तो आधीच बाप्तिस्मा झालेल्यांचा: चोरून जुने रिवाज पाळतात असा आळ असलेले ख्रिस्ती, ज्यू वंशाचे नवख्रिस्ती आणि त्यांच्याबरोबर अनेक. आरोप काय, साक्षीदार कोण, हे कैद्याला सांगत नसत. स्वतःच आठवून कबुली द्यायची आणि पश्चात्ताप दाखवायचा, म्हणजे चर्चच्या पंखाखाली परत घेत. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराला १६७३ साली दमणला पकडून पुढे गोव्यात आणले. सुटल्यावर त्याने लिहिलेल्या हकिकतीत कोठडीतल्या एकांताचे वर्णन आहे. त्या एकांतापायी तो स्वतःचा जीव द्यायला निघाला होता.

हा इतिहास मी कोणावर दात ठेवायला सांगत नाही. आजचे ख्रिस्ती शेजारी त्याचे वारस जसे आहेत तसेच बळीही आहेत. पण कोंडलेल्या माणसाची कबुली आणि कोंडलेल्या माणसाचा पश्चात्ताप यांची किंमत काय, हे गोव्याला अडीचशे वर्षांच्या अनुभवाने कळायला हवे. शिवाय धर्म उलट्या दिशेनेही बदलता येतो, हेही इथे घडले. १९२८ साली विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धी चळवळीत हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. नवहिंदू गावडे ही त्यांची ओळख आजही चालू आहे.

कायदा काय म्हणतो

माणूस तुरुंगात गेला म्हणजे त्याचे सगळे हक्क बाहेर टांगून ठेवले, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली आणि पुन्हा १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात हे स्पष्ट केले: शिक्षेमुळे जेवढे अपरिहार्यपणे जातात तेवढेच हक्क जातात, बाकीचे शाबूत राहतात. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचा हक्क अर्थात शाबूत राहणाऱ्यांत मोडतात. मर्यादा आहेत त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या. म्हणून तुरुंग वेळ ठरवील, आणायच्या वस्तू तपासील, पण प्रार्थनाच करू नको म्हणणार नाही.

त्याच कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. पण १९७७ साली घटनापीठाने सांगितले की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यापुढे मांडणे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही. स्वतःहून धर्म बदलणाऱ्याचे स्वातंत्र्य मात्र त्याचे त्याच्याकडे राहते. तुरुंगात याचा अर्थ असा की भजनी मंडळ, पात्री, मौलवी, विपश्यनेचे आचार्य यांनी परवानगी घेऊन आत यावे, बोलावे, पण ऐकायला बसायची सक्ती कोणावर नको.

प्रत्यक्ष धर्म बदलायला काय लागते? १९७० च्या एका निकालानुसार विशिष्ट विधी झालाच पाहिजे असे नाही. प्रामाणिक हेतू आणि त्याला जुळणारे वागणे असले की पुरे. धर्मांचे आपले नियम मात्र वेगवेगळे. इस्लाममध्ये कलिमा समजून-उमजून उच्चारला की प्रवेश होतो. कॅथलिक चर्च मोठ्या माणसाला लगेच बाप्तिस्मा देत नाही. शिकवणी, पारख, बहुधा पास्कापर्यंतची (ईस्टरपर्यंतची) वाट, असा लांबचा रस्ता असतो. त्यामुळे एका भेटीत कोणाला ‘ख्रिस्ती करून टाकले’ अशी बातमी आली, तर ती जरा चाळून घ्यावी.

पुढचे परिणाम कैद्याला कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवेत ते हेच. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला, तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख किंवा बौद्ध झाला तर जात नाही. अनुसूचित जमातीला ही अट नाही. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. तो धर्मावर अवलंबून नाही. लग्न आणि वारसा यांना आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा लागतो. म्हणून धर्म बदलला की नोंदलेले लग्न आपोआप तुटत नाही, आणि मुलांचा वारसाही जात नाही.

जातीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि रजिस्टरातला जातीचा रकानाही काढायला सांगितले. ज्या माणसाला तुरुंगातही जन्मावरूनच झाडू मिळतो, त्याला जन्माची ओळख टाकून द्यावीशी वाटली, तर त्याला आमिषाची गरज नसते.

श्रद्धेने गुन्हा थांबतो का

इथे आकड्यांनी फसायला होते, म्हणून जरा थांबून बघू. अमेरिकेत टेक्सासमध्ये एक ख्रिस्ती संस्था तुरुंगाच्या एका भागात बायबलवर आधारलेला कार्यक्रम चालवत असे. त्याचा अभ्यास २००३ साली आला. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी ८ टक्केच सुटकेनंतर दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेले. त्यांच्यासारख्याच इतर कैद्यांत हे प्रमाण २० टक्के होते. मथळे झळकले. पण कार्यक्रमात शिरले होते १७७ जण आणि पूर्ण केला होता ७५ जणांनी. मधे सोडून गेलेल्यांसकट सगळे १७७ धरले, तर पुन्हा तुरुंगात जाणारे निघाले २४ टक्क्यांच्या वर, म्हणजे इतरांपेक्षा थोडे जास्तच! एखाद्या क्लासने नापास होणारी मुले आधीच काढून टाकावीत आणि शंभर टक्के निकालाचा फलक लावावा, तसे हे. शिवाय पूर्ण केला असे म्हणायला सुटल्यानंतर नोकरी टिकवणे वगैरे अटी होत्या. ज्याने नोकरी टिकवली तो गुन्ह्यापासून दूर राहणारच.

म्हणून धर्माने काहीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. आतल्या आत भांडणे कमी होणे, घरच्यांना पत्र लिहिणे, झोप लागणे, हे होते आणि त्यालाही किंमत आहे. तिहारमध्ये १९९४ साली हजारभर कैदी एकाच वेळी विपश्यनेला बसले, ते काही कोणाचा धर्म बदलायला नव्हे. पण ‘देवभक्त झाला म्हणजे सुधारला’ हे समीकरण पुराव्याने उभे राहत नाही.

तरी न्यायालयांना ते समीकरण मोहात पाडते. २०२४ साली ओरिसा उच्च न्यायालयाने एका लहान मुलीवरचा बलात्कार आणि खून यांत फाशी झालेल्या माणसाची शिक्षा जन्मठेपेवर आणली. इतर कारणांबरोबर, तो दिवसातून अनेकदा देवाची प्रार्थना करतो, असेही निकालात नमूद केले. तुरुंगातली वागणूक बघणे योग्यच. पण प्रार्थनेचे गुण मिळू लागले, की प्रार्थना न करणाऱ्याचे गुण कापले जातात. नास्तिक कैद्याने काय करायचे? आणि खरोखर श्रद्धा बसलेल्या माणसाकडेही मग सगळे ‘गुणांसाठी करतोय’ अशाच नजरेने बघतात.

आयोवा राज्यातल्या त्याच संस्थेच्या कार्यक्रमाविरुद्ध अमेरिकन न्यायालयाने निकाल दिला तो याच कारणाने. त्या विभागातल्या कैद्यांना लाकडी दारे होती, खोलीच्या किल्ल्या होत्या, शौचालयाला आडोसा होता. बाकीच्यांना हे नव्हते. कागदावर सगळे स्वखुशीने आलेले. पण किल्ली आणि आडोसा यांची आत काय किंमत असते, हे कळले की ती स्वखुशी वेगळी दिसू लागते.

दबाव अधिकाऱ्यांकडूनच येतो असेही नाही. अमेरिकेतल्या तुरुंगांत नेमलेल्या धर्मोपदेशकांची प्यू या संशोधन संस्थेने २०१२ साली पाहणी केली, तेव्हा तीन चतुर्थांश जणांनी सांगितले की कैदीच एकमेकांना आपल्या धर्मात ओढायचा प्रयत्न करतात आणि हे नेहमीचे आहे. ब्रिटनच्या तुरुंग निरीक्षकांच्या २०१० च्या अहवालात टोळीचे संरक्षण मिळावे किंवा सोयी मिळाव्यात म्हणून मुसलमान झालेल्या कैद्यांचा उल्लेख आहे. ज्या गटाकडे बॅरकमध्ये माणसे जास्त, त्याच्या देवाला भक्त जास्त, हे जगात सगळीकडे चालते. उपाय धर्मगुरूंना बाहेर ठेवणे हा नाही. गर्दी कमी असणे, वॉर्डनांनी लक्ष ठेवणे आणि एकट्या पडलेल्या कैद्याला सुरक्षेसाठी कोणत्या गटाचे पाय धरायला न लागणे, हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुसलमानही होते. पाय धुवून घेतले म्हणून कोणी ख्रिस्ती झाले नाही आणि तशी अटही नव्हती.

आता ज्यांचे माणूस आत आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. धर्मग्रंथ, जपमाळ, रोजा असताना सेहरी-इफ्तारच्या वेळेला जेवण, आपल्या धर्माच्या माणसाची भेट, यासाठी कैद्याने किंवा घरच्यांनी अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलाकातीत तो ‘मी धर्म बदलतोय’ म्हणाला, तर रडारड करण्याआधी शांतपणे विचारा: तुला कोणी बॅरक बदलून देतो म्हणाले का, जामिनाचे पैसे भरतो म्हणाले का, नाही म्हटलास तर काय होईल? उत्तरात भीती किंवा देवघेव दिसली, तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. तुरुंगाला भेट देणाऱ्या अभ्यागत मंडळापुढेही तक्रार मांडता येते, आणि त्यात न्यायाधीशही असतात. आणि भीती-देवघेव काही दिसली नाही, तर निर्णय त्याचा आहे. पुढच्या मुलाकातीला नेहमीसारखेच जा.